थोरलीचा टाक

यशोदाबाईचा ब्लाउज शिवायचा तर मला एकच सूचना असते: पुढचा गळा वर घे. बाही किती लांब, हुक पुढे की मागे, काठ लावायचा की नाही, बाकी तिला कशाचंच काही नसतं. "तुला बरं वाटंल तसं शिव," म्हणते आणि माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसून डोळे मिटते. मोशीत आमच्या गल्लीत ती माझ्या समोरच राहते. ती मापं द्यायला येते की नुसती टेकायला, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. मी आपली मशीन चालवत राहते.

गळा वर घ्यायचा तो टाकासाठी. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली मूर्ती. लोकांच्या देव्हाऱ्यात कुलदैवताचे टाक असतात, घरातल्या गेलेल्या माणसांचेही असतात. आमच्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, त्यामुळे मला यातलं काही ठाऊक नव्हतं. जे कळलं ते हिच्याकडून. बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की त्यांच्याकडच्या काही घरांत पहिलीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालतात. मंगळसूत्र नवऱ्याच्या नावाचं आणि टाक सवतीच्या नावाचा. गेलेलीनं रागावू नये, संसारात आडवं येऊ नये, म्हणून तिचा मान ठेवायचा. मेलेलीचा मान ठेवायला हे लोक इतके हुशार, की जिवंत बाई त्या मानाखाली चेपून जाते ते त्यांना दिसतही नाही.

मान कसा ठेवायचा, तर आधी तिला. नवं लुगडं आलं, आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. बांगड्या आल्या, आधी टाकाला. सणाचा घास आधी तिला. पूर्वी ती घाम पुसायचा टॉवेल नवा आणला तरी टाकाला लावायची. मी एकदा वैतागून म्हणाले, "अगं, टॉवेलात तिचं काय जातंय?" तर म्हणाली, "सवय झाली गं. न लावता घेतला तर चोरल्यासारखं वाटतं." आपल्याच घरात आपल्याच कष्टाची वस्तू घेताना बाईला चोरल्यासारखं वाटावं! मी धागा तोडला आणि दुसरी बाही घेतली.

हे सगळे केजकडचे. उद्धवराव, म्हणजे तिचा नवरा, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर होता. पहिली बायको तापानं गेली तेव्हा पोरगी धड चालायलाही लागलेली नव्हती. घरच्यांनी घाईघाईनं गावाकडचीच दुसरी मुलगी बघितली. तिचं माहेरचं नाव रुपाली. लग्नात नाव बदलायची वेळ आली तेव्हा सासूनं पाहुण्यांदेखत सांगितलं, की दुसरीचं लेकरू सांभाळायला आणलीय, यशोदाच ठेवा. सगळे हसले म्हणे. तांदळाच्या ताटात उद्धवरावानं ते नाव अंगठीनं लिहिलं, आणि तेव्हापासून रुपाली म्हणून तिला कोणी हाक मारलेली नाही. तिचे आईवडीलही लवकर गेले, त्यामुळे ते नाव ठाऊक असणारं माणूसच उरलं नाही.

आता ती पंचेचाळिशीच्या आसपास आहे. बघणाऱ्याला साठीची वाटते. चाकणला एका कंपनीच्या कँटीनमध्ये ती पोळ्या करते. पहाटे कंत्राटदाराची गाडी नाक्यावर येते, तीत दाटीवाटीनं बसून जायचं, दिवसभर तव्यांच्या धगीत उभं राहायचं आणि तसंच परत यायचं. थायरॉइडनं अंग फुगलंय, चेहऱ्याची कड अशी राहिलेलीच नाही. पुढचा एक दात पडलाय, केस पांढरे, उजव्या गालावर वाफेचा जुना डाग. बसमध्ये कॉलेजची पोरं उठून तिला जागा देतात. "बसा आजी," म्हणतात. ती बसते, कारण पाय दुखत असतात, पण घरी आल्यावर मला सांगते, "आज पुन्यांदा आजी झाले."

या सगळ्यात तिचं एकच होतं, स्वरूपा. थोरलीची, म्हणजे पहिलीची, पोरगी. यशोदाला स्वतःचं मूल झालं नाही, का झालं नाही ते मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पण पोरीचं दुखणंखुपणं, शाळा, डिप्लोमा, माणच्या आयटी पार्कातली पहिली नोकरी, सगळं हिनं अंगावर काढलं. पोरगी तिला आईच म्हणते. तरीही "ही तुझी सख्खी नव्हे" हे पोरीला कळावं अशी व्यवस्था नातेवाइकांनी फार लवकर करून ठेवली होती. गावाला गेलं की कोणीतरी म्हातारी स्वरूपाची हनुवटी धरून "अगदी आईवर गेलीस गं" म्हणायची आणि यशोदा बाजूला चहाच्या कपबशा उचलत असायची. घरात मात्र थोरलीचा विषय निघत नसे. स्वरूपा काढत नसे, कारण आईला वाईट वाटेल. यशोदा काढत नसे, कारण पोरीला वाईट वाटेल. आणि उद्धवराव कुठलाच विषय काढत नसे, तो त्याचा स्वभाव.

स्वरूपाचं लग्न ठरलं. मुलगा गणराज, चाकणच्याच एका कारखान्यात क्वालिटीला, चांगला, शांत. वैशाखातली तारीख निघाली आणि तेव्हापासून यशोदा माझ्या स्टुलावर जास्त वेळ बसू लागली. एक दिवस बोललीच. "कस्तुरा, पोरगी हाय तवर मी आई हाय. ती गेल्यावर मी त्या घरात कोण?" मी म्हटलं, उद्धवरावची बायको. तर म्हणाली, "त्येची बायको ही हाय," आणि छातीवर बोट ठेवलं, जिथं ब्लाउजच्या आत टाक असतो तिथं. मला तिचा राग आला आणि तिच्यासाठी रडूही आलं. दोन्ही गिळलं, कारण हातात दुसऱ्या बाईचा महागाचा ब्लाउज होता.

स्वरूपाला शोरूमचे दागिने नको होते. सगळ्यांच्या गळ्यात तीच मशीनची डिझाइनं, तिचं म्हणणं. तिला हातानं घडवलेलं हवं होतं, आपल्या मातीतलं, ज्याला काही अर्थ आहे असं. मोबाइलवर ती ठुश्या, वज्रटिका, बोरमाळा बघत बसायची आणि आम्हाला दाखवायची. यशोदा दरवेळी "छान हाय" म्हणायची. सगळंच छान हाय म्हटल्यावर पोरगी चिडायची. "आई, तुला काय आवडतं ते सांग ना." आता जिला आयुष्यात कोणी हे विचारलं नाही तिला असं एकदम विचारून कसं चालेल? आवड हीसुद्धा वापरात असावी लागते.

पिंपळे सौदागरला एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये हातकामाच्या दागिन्यांचं प्रदर्शन होतं. स्वरूपा आम्हा दोघींना घेऊन गेली. यशोदाची सुट्टी होती, म्हणजे झोपायचा एकमेव दिवस तिनं यात घातला. गेटवर वॉचमननं नावं विचारली, फोन करून खात्री केली, मग सोडलं. आत एसी होता. यशोदा पहिल्यांदा खुर्ची कुठे आहे ते बघू लागली.

योगिनी नावाच्या बाईंचा स्टॉल स्वरूपाला आधीपासून माहीत होता. सुती साडी, मोठं कुंकू, बोलायला गोड. त्यांच्या टेबलावर लाल दोऱ्यांत ओवलेले चांदीचे टाकच टाक लटकत होते. खंडोबा, तुळजाभवानी, घोड्यावरचे वीर. मुली ते गळ्याला लावून आरशात बघत होत्या. यशोदा थबकली. माझ्या कानात म्हणाली, "हे देव्हाऱ्यातले हायत की. गळ्यात कशाला घालायल्यात?" मग म्हणाली, "यांचं पण कोणी मेलंय का?"

मला हसू आलं, पण तिचा चेहरा खराखुरा काळजीत होता. स्वरूपानं ते ऐकलं आणि सहज बोलून गेली, की माझ्या आईच्या गळ्यात पण आहे. योगिनीबाईंनी पुढचं सगळं काढून घेतलं. सवतीचा टाक म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. किती सुंदर गोष्ट आहे, म्हणाल्या, एका बाईनं दुसरीला हृदयाशी धरायचं. आम्हाला दाखवाल का, म्हणून त्यांनी यशोदाचा हात हातात घेतला. सुंदर गोष्ट म्हणे. स्वतःच्या गळ्यात चोवीस तास घालून बघा एकदा.

यशोदानं नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण ती कुणाला नाही म्हणत नाही. तिनं पाठ फिरवली, काळा दोरा ओढून टाक बाहेर काढला आणि वळली. स्वरूपानं जन्मात पहिल्यांदा तो नीट पाहिला. त्यावर काहीच नव्हतं. कडेची नक्षी थोडी उरली होती, मधे नुसती गुळगुळीत चांदी. इतक्या वर्षांच्या घामानं, घासण्यानं चेहरा पुसून गेला होता. यशोदानं सांगितलं, आधी नाक गेलं, मग डोळे, कपाळावरचं कुंकू बरेच दिवस हाताला लागायचं, मग तेही गेलं. एवढं म्हणून ती टाक आत ठेवायला लागली, तर स्वरूपानं तिचा हात धरला.

"आई, मला दे ना हा. लग्नात घालायला. माझ्याकडे तिचं काहीच नाही."

यशोदानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. ती म्हणाली, बाबांना विचार.

उद्धवराव आता रिटायर होऊन एका सोसायटीच्या गेटवर बसतो. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की असं होत नसतं. टाक घरचा असतो, लेकीबरोबर दुसऱ्या घरी जात नसतो, आणि नवरा जिवंत आहे तोवर यशोदाच्या गळ्यातून निघतही नसतो. एवढं लांब भाषण मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. यशोदा माझ्याकडे आल्यावर मी तिला म्हटलं, सुटली असतीस की. ती म्हणाली, "मला पण आधी तसंच वाटलं. निघाला तर बरं, मान मोकळी व्हईल. मग वाटलं, हा पण गेला तर माझ्याकडं काय राहिलं? पोरगी गेली, टाक गेला." स्टुलावर ती डोळे मिटून बसली होती. मग म्हणाली, "आणि पोरीला बी तीच पायजे. घ्या. एवढं करून बी शेवटाला तीच पायजे." हे ती रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचा आवाज मात्र कँटीनमधून आल्यावर असतो तसाच होता.

जुना मिळत नाही म्हटल्यावर स्वरूपानं नवा करून घ्यायचं ठरवलं. योगिनीबाईंचं काम पिंपरीतले एक कारागीर करतात, ज्योतीराम, मार्केटच्या मागच्या बोळात बसतात. पण नवा करायचा तर चेहरा हवा. साच्यातल्या टाकाला कुठलाही चेहरा चालतो. पोरीला तिच्या आईचा हवा होता. घरात थोरलीचा फोटो कोणी कधी पाहिला नव्हता. स्वरूपानं आई कामावर गेल्यावर पत्र्याची जुनी पेटी उपसली, आणि तळाशी, जुन्या नऊवारीच्या घडीत, तिला एक फोटो मिळाला. ती तशीच पळत माझ्याकडे आली. सुट्टी काढली होती तिनं. मला म्हणाली, मावशी, चला माझ्यासोबत, आईला आत्ताच सांगू नका.

बसमध्ये तिनं मला तो दाखवला. रंग उडालेला, एका कोपऱ्याला ओल लागलेली. तरुण उद्धवराव, फेटा, ताठ मान. शेजारी नवरी. अंगानं सडपातळ, गोल हनुवटी, कपाळावर मुंडावळ्या. कॅमेऱ्याकडे न बघता ती मान एका बाजूला वळवून बघत होती आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं होतं. फार गोड पोरगी. मला वाटलं, ही का ती थोरली. हिच्यासाठी आमची यशोदा जन्मभर वरच्या गळ्याचे ब्लाउज घालते. स्वरूपा फोटोवरून बोट फिरवत होती. "हनुवटी माझ्यासारखीच आहे ना, मावशी?" मी हो म्हटलं. लग्नाचा फोटो होता, सोबत उद्धवराव होता. बिजवराच्या दुसऱ्या लग्नात फोटोग्राफर कोण बोलावतं? त्यामुळे पोरीला शंका यायचं काही कारणच नव्हतं, आणि मलाही आली नाही.

ज्योतीराम माणूस तुसडा. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाले, टाक समोर बघतो. सगळे टाक समोर बघतात. ही बाजूला बघायलीय, हिला मी सरळ करून देतो. स्वरूपा म्हणाली, नाही, आहे तशीच हवी. त्यांनी पुन्हा समजावलं, की देवाधर्माच्या वस्तूचं एक वळण असतं. ती ऐकेना. शेवटी ते "तुमची आई, तुमची मर्जी" म्हणाले आणि चहावाल्याला हाक मारली. लाखेच्या गोळ्यावर पत्रा बसवून ते मागून ठोकत होते, बारीक हातोडीनं, एकाच लयीत. आम्ही थोडा वेळ बघत उभ्या राहिलो. मला त्या आवाजानं झोप यायला लागली. मग निघालो.

टाक आला तो हळदीच्या आदल्या दिवशी. योगिनीबाईंनी तो चांदीच्या मण्यांच्या माळेत गुंफून दिला होता. उद्धवरावच्या घरात पाहुणे जमायला लागले होते, यशोदा रजा मिळूनही उभीच होती, फक्त कँटीनऐवजी घरच्या ओट्याशी. स्वरूपानं डबी उघडली आणि आधी बापाच्या हातात दिली.

उद्धवरावनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग त्याचे डोळे भरले, खोटं कशाला सांगू, खरंच भरले. म्हणाला, "व्हय. अशीच व्हती ती. अशीच बघायची."

टाक सगळ्यांच्या हातांतून फिरला. गावाकडच्या एका म्हातारीनं कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, अगदी जिवंत उतरवलीय. शेवटी तो यशोदाकडे आला. तिचे हात पिठाचे होते, तिनं पदराला पुसले आणि टाक तळव्यावर घेतला. स्वरूपा तिच्या तोंडाकडे बघत होती, आईला वाईट वाटतंय की काय म्हणून. यशोदानं टाक उजेडाकडे तिरपा केला, एकदा, दोनदा. मग म्हणाली, "छान झालाय." डबीत ठेवला, डबी पोरीला दिली आणि चहा टाकायला आत गेली.

मी तिच्यामागून गेले, कारण चहा आत्ताच सगळ्यांचा झाला होता. ती गॅसजवळ उभी होती, गॅस पेटवलेला नव्हता. मला वाटलं, थोरलीला बघून लागलं हिला. मी पाठीवर हात ठेवला. तिनं न वळता विचारलं, फोटो कुठं घावला पोरीला? मी सांगितलं, पेटीत, नऊवारीच्या घडीत.

"ते लुगडं माझ्या आयचं हाय," ती म्हणाली. "आणि फोटोतली मी हाय."

मला समजायला वेळ लागला. तिनं हळू आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये असं, मला सांगितलं. लग्नात तिच्या आईनं तिला स्वतःच्या बुगड्या घातल्या होत्या, कानाच्या वरच्या पाळीत घालतात त्या. त्यातली एक मांडवाच्या गर्दीत पडली, सापडली नाही. गावातल्या शाळेचे एक मास्तर कॅमेरा घेऊन आले होते, हौसेनं. ते फोटो काढायला लागले तशी तिनं मान वळवली, उरलेली बुगडी दिसावी म्हणून, आणि रिकामा कान लपावा म्हणून. आईनं लांबून डोळे वटारले, सरळ बघ म्हणून. त्याचंच तिला हसू आलं होतं. "टाकावर बुगडी बी काढलीय म्हाताऱ्यानं," यशोदा म्हणाली. "एवढीशी. लई बारीक काम केलंय."

मी तिच्याकडे बघितलं. ती गोल हनुवटी शोधली. सापडली नाही. मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आत्ता जाऊन सांगते. पोरीला सांगते, आणि त्या उद्धवरावला तर पहिल्यांदा सांगते. बायको शेजारी उभी आहे, आणि अशीच होती म्हणून रडतोय. कोणासाठी रडतोय ते तरी कळू दे त्याला. मी वळलेही. तिनं माझा दंड धरला. पोळ्या लाटून लाटून तिच्या हातात जोर आहे.

"नको," ती म्हणाली. "आता परत सांगायचं. परत सगळी रडणार. परत मीच समजूत घालायची. उद्या हळद हाय. दमले मी, कस्तुरा."

मी म्हटलं, अगं पण मेलेल्या बाईचा टाक म्हणून तुझा चेहरा घालणार ती गळ्यात. जिवंत माणसाचा टाक करत नाहीत ना तुमच्यात? अशुभ असतं ना?

तिनं शेगडीवरचं पातेलं उगाच सरळ केलं. "ती फोटोतली मेलीच की गं," म्हणाली. "कधी मेली ते मला पण कळलं न्हाई. कुणी टाक केला न्हाई तिचा, एवढंच. आता झाला." मग तिनं खरोखरच गॅस पेटवला आणि कोणी मागितला नव्हता तो चहा ठेवला. मी तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेर स्वरूपा कोणालातरी सांगत होती, की मशीनच्या दागिन्यात असा जीव येत नाही.

लग्नाच्या सकाळी मी यशोदाच्या पदराला पिन लावायला गेले. वधूच्या आईचं लुगडं, मोरपंखी पैठणी, स्वरूपानं पहिल्या पगारापासून मनात ठेवलेलं. ब्लाउज माझाच, गळा वर. नेहमीप्रमाणे तिनं घडी उचलली आणि छातीकडे नेली, आतल्या गुळगुळीत टाकाला लावायला. तिथं तिचा हात थांबला. ती शेजारच्या खोलीत गेली, जिथं स्वरूपाचं आवरणं चाललं होतं, आणि म्हणाली, तुझी माळ दे जरा. पोरीनं काढून दिली. यशोदानं नव्या टाकाला पैठणीचा काठ लावला, माळ परत दिली आणि नेसायला आली. स्वरूपाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. तिनं आईला जन्मभर हेच करताना पाहिलं होतं. मला मात्र निऱ्या धरता येईनात. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा लुगडं आधी तिचं तिलाच मिळालं होतं. "नीट धर की," यशोदा मला म्हणाली. "सुटायल्यात."

लग्न लागलं. ऊन मरणाचं होतं, कार्यालयातले पंखे नुसते फिरत होते. यशोदा पंगतीत वाढप बघत होती, रुखवतापाशी उभी होती, पाहुण्यांच्या पाया पडत होती. बसलेली मला एकदाही दिसली नाही. व्याह्यांकडच्या बायकांनी स्वरूपाच्या गळ्यातल्या माळेचं फार कौतुक केलं. कुठं केली, कोणी केली. स्वरूपा सगळ्यांना सांगत होती, ही माझी आई. दर वेळी यशोदा जवळपासच कुठंतरी असायची, हातात पाण्याचा जग नाहीतर अक्षतांचं ताट घेऊन.

निघायची वेळ झाली. गाडी फुलांनी सजवून दारात उभी, गणराज घामाघूम. स्वरूपा बापाच्या गळ्यात पडली, माझ्या गळ्यात पडली, यशोदाला तर तिनं सोडलंच नाही, शेवटी मीच सोडवलं. मग गाडीत बसायच्या आधी ती थांबली. गळ्यातला टाक तिनं मुठीत घेतला, कपाळाला लावला, डोळे मिटले आणि हळूच पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "आई, येते गं मी."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. यशोदा दोन पावलं मागे उभी होती, वाटेत खायच्या लाडवांची पिशवी धरून. पोरीनं हाक मारली की ओ द्यायची, हे तिच्या अंगातच बसलेलं.

"ये, बाळा," ती म्हणाली. "पोचलीस की फोन कर."

कुणीतरी माझ्या मागे हळहळलं, बिचारी, हाक थोरलीला होती. मी त्या बाईकडे असं बघितलं की ती गप्प बसली. हाक जिला होती तिनंच ओ दिली होती. यशोदानं खिडकीतून पिशवी आत दिली, स्वरूपानं तिचा हात धरला, गाडी हलली तसा तो सुटला.

गाडी वळणापलीकडे गेली आणि लोक जेवणाकडे वळले. मी कुठूनतरी दोन खुर्च्या ओढल्या. यशोदा बसली, चपला काढल्या, सुजलेले पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवले. पैठणीवर वरणाचा डाग पडला होता. तिनं तो पुसायचं मनावर घेतलं नाही. गळ्याशी हात नेऊन तिनं काळा दोरा ओढला, जुना टाक बाहेर काढला, त्या कोऱ्या चांदीवर अंगठा फिरवला आणि परत आत टाकला. नंतर बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली.

"रुपाली गेली बघ तिच्यासंगं," ती म्हणाली. "बरं झालं. इथं काय होतं तिला."